अवकाशयानाचा खेळ : दांडा आणि माऊस



आजचा विषय मुलांच्या खेळाचा आहे आणि तो मांडणारा मात्र साठी उलटलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे, याचें कांहीं जणांस नवल वाटेल. परंतु पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांतून आज संगणकावर अवकाशयान चालविण्याचे खेळ चालतात, आणि त्याच घरांतून एक तक्रारहि ऐकूं येते. महागाची जॉयस्टिक आणून दिली. मुलानें चार दिवस ती हातांत धरली. आतां ती कपाटावर धूळ खात पडली आहे. मुलगा म्हणतो, यान सरळ जातच नाहीं. वडील म्हणतात, तुझाच हात स्थिर नाहीं. हळूहळू मुलालाहि तें खरें वाटूं लागतें, आणि गेलेल्या पैशाहून हें नुकसान मोठें. माझ्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक प्रकरणांत दोष हाताचा नव्हता. दांड्याची आणि माऊसची मांडणी करावयाची राहून गेली होती, किंवा ती न समजतां झाली होती. ही मांडणी कशी करावी आणि तशी कां करावी, एवढेंच आज सांगणार आहें.

मी भोरचा राहणारा. निवृत्तीनंतर मुलानें आपला जुना संगणक मजकडे आणून ठेवला, आणि सुटीच्या दिवशीं गल्लींतलीं मुलें त्यावर खेळावयास येऊं लागलीं. त्यांत कांहीं वेल्ह्याकडचीं, शिक्षणासाठीं भोरांत राहणारीं. (वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला, आमच्या तोंडीं मात्र अजून वेल्हेंच बसलेलें आहे.) माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, तेव्हां यंत्रशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. मुलांच्या खांद्यावरून पाहून, वाचून आणि स्वतः हात लावून जें समजलें तें आपणांपुढें ठेवितों.

प्रथम या दोन उपकरणांचे स्वभाव ओळखले पाहिजेत. माऊस हा अंतर सांगणारा आहे. टेबलावर तो दोन बोटें सरकविला तर संगणकास तो एवढेंच सांगतो कीं, मी दोन बोटें उजवीकडे सरकलों. हात थांबला कीं त्याचें बोलणें संपलें. आपण टेबलाच्या कोणत्या जागीं आहों हें त्याचें त्यासहि ठाऊक नसतें. उचलून दुसरीकडे ठेवला तरी संगणकास पत्ता लागत नाहीं. जॉयस्टिकचा स्वभाव अगदीं उलट. ती अंतर सांगत नाहीं, स्थिति सांगते. दांडा उजवीकडे अर्धा कलवून तसाच धरून ठेवला, तर तो क्षणोक्षणीं सांगत राहतो कीं, मी अर्धा कललेला आहें. आणि तेवढा सगळा वेळ यानाचें वळणें चालूंच राहतें. हात सोडला कीं स्प्रिंगच्या जोरानें दांडा मध्यावर येतो. म्हणून ज्या कामांत 'इतकें जाऊन थांब' असें सांगावयाचें तें माऊसचें काम, आणि ज्यांत 'या वेगानें वळत राहा' असें सांगावयाचें तें दांड्याचें. माऊसनें यान चालवितांना जो घोटाळा होतो त्याचें मूळ येथें आहे. त्याकडे पुढें येऊं.

दोघांचीं कुळेंहि निराळीं. दांडा विमानांतून आला. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकापासून वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्यें तो उभा आहे. माऊस १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत जन्मला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं लांकडाच्या लहानशा पेटींत दोन चाकें बसवून तो तयार केला, आणि त्याचा हेतु पडद्यावरील मजकुरांत नेमक्या जागीं बोट ठेवतां यावें एवढाच होता. उड्डाणाशीं त्याचा जन्मापासून कांहीं संबंध नाहीं. त्याला आपण आकाशांत नेलें आहे.

आतां यानाला मुळांत काय काय सांगावयाचें असतें तें पाहूं. कल्पना करा कीं, आपण राजगडाच्या बालेकिल्ल्यावर तोरण्याकडे तोंड करून उभे आहां. पाऊल न उचलतां जागच्या जागीं उजवीकडे वळत गेलां कीं सिंहगड समोर येतो. हें नाकाचें डावें-उजवें वळणें. यास खेळांत यॉ म्हणतात. मान खालीं घातली कीं माची दिसते, वर केली कीं आकाश. हें नाकाचें वरखालीं होणें, म्हणजे पिच. कान खांद्याकडे नेऊन मान कलती केली, तर तोरणा समोरच राहतो, परंतु क्षितिज तिरपें होतें. हें कुशीवर होणें, म्हणजे रोल. या तिन्ही वळण्यांत आपण जागा सोडलेली नाहीं. आतां तोंड तोरण्याकडेच ठेवून एक पाऊल बाजूस टाका, एक पुढें टाका, आणि एक पायरी वर चढा. हीं तीन सरकणीं. तीन वळणीं आणि तीन सरकणीं मिळून सहा गोष्टी झाल्या. खेळाच्या मांडणीच्या पानावर जीं पन्नाससाठ नांवें पाहून नवखा माणूस बिचकतो, त्यांतलीं जिवाचीं नांवें हीं सहाच आणि सातवें मुख्य इंजिनाच्या जोराचें, ज्यास थ्रॉटल म्हणतात. बाकीचीं दिवे लावण्याचीं, चाकें उघडण्याचीं व तसल्याच किरकोळ कामांचीं. तीं मागाहून पाहिलीं तरी चालतात.

वरंध घाटांतून एस. टी. नेणाऱ्या ड्रायव्हरास या सहा गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागत नाहींत. त्यानें चक्र फिरविलें कीं गाडीचें नाक वळतें आणि नाकामागोमाग गाडी जाते, कारण चाकांखालीं रस्ता आहे. अवकाशांत रस्ता नाहीं आणि विमानास असतो तसा हवेचा आधारहि नाहीं. तेथें नाक वळलें म्हणून यान वळत नाहीं. तें पहिल्याच दिशेनें, पहिल्याच वेगानें जात राहतें, फक्त तोंड दुसरीकडे करून. भाटघरच्या येसाजी कंक जलाशयांत होडींत बसलेल्यानें याची थोडी चुणूक पाहिलेली असते. वल्हीं थांबविलीं तरी होडी कांहीं अंतर आपली जात राहते. अशा वेळीं एका बाजूचें वल्हें पाण्यांत नुसतें टेकविलें तर तिचें नाक फिरतें, परंतु होडी आडवी होऊन बराच वेळ पूर्वीच्याच दिशेनें घसरते. पाणी तिला लौकरच आवरतें. अवकाशांत आवरणारें कोणी नाहीं. वळण्याचेंहि तसेंच : एकदां फिरूं लागलेलें यान उलट बाजूस तितकाच जोर लावीपर्यंत फिरतच राहतें. 'यान सरळ जात नाहीं' म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांस कोणीं हें सांगितलेलेंच नसतें. तीं दांडा सोडून देतात आणि यान थांबण्याची वाट पाहतात.

सगळेच खेळ इतके कठोर नसतात. २०१४ सालच्या 'एलीट डेंजरस' या खेळांत 'फ्लाइट असिस्ट' नांवाचा एक अदृश्य मदतनीस चालू असतो; दांडा मध्यावर आला कीं उलट जोर तोच लावतो. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मध्यें टी या अक्षराची कळ दाबली म्हणजे असाच मदतनीस कामाला लागतो. 'ऑर्बिटर' हा खेळ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मार्टिन श्वायगर यांनीं प्रथम २००० सालीं प्रसिद्ध केला. तो विनामूल्य मिळतो, आणि गतीच्या नियमांत कांहीं सूट देत नाहीं. मात्र आंकड्यांच्या कळांतील पांचाची कळ दाबली कीं यानाचें फिरणें थांबवून देतो. नवख्यानें हे मदतनीस खुशाल वापरावे. मांडणी तपासतांना मात्र कोणतें काम हाताचें आणि कोणतें मदतनिसाचें हें ओळखतां आलें पाहिजे, नाहीं तर दोष एकाचा आणि दुरुस्ती दुसऱ्याची असें होतें.

खऱ्या यानांत या सहा गोष्टी दोन हातांत वांटलेल्या असत, आणि ती वांटणी आपणांस घरीं उपयोगी आहे. अपोलो यानांत उजव्या हाताच्या दांड्यानें यान वळे आणि डाव्या हाताच्या मुठीनें तें सरके. रशियाच्या सोयुझ यानांतहि डावा दांडा सरकण्याचा, उजवा वळण्याचा. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजीं सोयुझ टी-११ मधून वर गेले त्या यानाची घडण हीच. २५ जून २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगन यानांतून गेले त्यांत दांडा मुळींच नाहीं. तें यान स्थानकाशीं आपोआप जोडलें जातें, आणि प्रसंग पडल्यास कांचेच्या पडद्यावर बोटें टेकून चालवितां येतें. जॉयस्टिक नसली तर अवकाशाचा खेळ होत नाहीं अशी समजूत असणाऱ्या आईबापांनीं हें लक्षांत घ्यावें. दांडा नसला तरी चालतो. वळणें कोणत्या हातानें आणि सरकणें कोणत्या हातानें, हें ठरलेलें नसलें तर चालत नाहीं.

जातां जातां एक जुनी हकीकत. संगणकावरील अगदीं पहिल्या खेळांपैकीं एक अवकाशयानांचाच होता. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत १९६२ सालीं स्टीव्ह रसेल आणि त्यांचे मित्र यांनीं 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ तयार केला. तो प्रथम संगणकाच्या अंगावरील खटक्यांनीं खेळत. खटक्यांपाशीं अवघडून खेळतांना कोपरें दुखूं लागलीं, म्हणून ॲलन कोटोक व बॉब सॉन्डर्स यांनीं हातांत धरावयाच्या वेगळ्या पेट्या बनविल्या. म्हणजे खेळ आधीं झाला, आणि मांडणी मागाहून, कोपरानें तक्रार केल्यावर.

आतां प्रत्यक्ष कामास लागूं. जॉयस्टिक खेळ सुरू करण्याच्या आधीं जोडावी. मागाहून जोडलेली कांहीं खेळांस दिसत नाहीं. विंडोज असलेल्या संगणकावर 'रन' या चौकटींत जॉय डॉट सीपीएल हीं अक्षरें इंग्रजींत लिहिलीं म्हणजे जोडलेल्या दांड्यांची यादी उघडते. दांडा निवडून 'प्रॉपर्टीज' उघडलें कीं एक चौकोन आणि त्यांत एक लहानशी फुली दिसते. दांड्यास हात न लावतां ती पाहावी. मधोमध स्थिर असेल तर उत्तम. थरथरत असेल किंवा एका बाजूस बसली असेल, तर खेळांत यान आपण होऊन वळणार हें ठरलेलेंच. तेथेंच 'कॅलिब्रेट' म्हणून सोय असते : दांडा प्रथम मध्यावर मोकळा सोडावयाचा आणि मग चारी कोपऱ्यांतून फिरवावयाचा, म्हणजे मध्य कोठें आणि शेवट कोठें हें संगणकास समजतें. सारें दहा मिनिटांचें काम, परंतु मीं पाहिलेल्यांपैकीं फारच थोड्या घरांतून तें झालेलें होतें.

मध्य हलतो कां? स्वस्त दांड्याच्या आंत कार्बनच्या पट्टीवर एक कांटा घासत फिरतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणांत असते तीच ही रचना. तें बटण जुनें झालें कीं फिरवितांना खरखर ऐकूं येते. दांडा जुना झाला कीं खरखर ऐकूं येत नाहीं, यानाचें नाक थरथरतें. धूळ आणि दमट हवा या दोघी त्या पट्टीच्या वैरिणी, आणि आमच्या मुलखाचा पावसाळा आपणांस ठाऊक आहे. म्हणून काम झालें कीं दांड्यावर फडकें टाकावें. दुसऱ्या जातीच्या दांड्यांत घासणारें कांहीं नसतें. एक लहान लोहचुंबक फिरतो आणि त्याच्या जोरांतील फरक एक तुकडा मोजतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधलेल्या गुणधर्मावर हा तुकडा चालतो. नवीन दांडा घ्यावयाचा झाला तर दुकानदारास दिव्यांची आणि बटणांची संख्या न विचारतां, आंत हॉल सेन्सर आहे काय, एवढें विचारावें.

यानंतर डेडझोन. जुन्या एस. टी.चें चक्र थोडें डावीउजवीकडे हललें तरी गाडी वळत नाहीं. या ढिलाईस ड्रायव्हर लोक 'प्ले' म्हणतात. गाडींत तो दोष, दांड्यांत मात्र थोडा हवा असतो, कारण मध्यावरील बारीक थरथर त्यांत गिळली जाते. ऑर्बिटरमध्यें ही सोय सुरुवातीच्या चौकटींत जॉयस्टिकच्या पानावर आहे, कर्बलमध्यें ज्या त्या अक्षाच्या नांवाशींच आहे. ती बसविण्याची रीत अशी : आधीं शून्यावर आणावी, दांडा मोकळा सोडून यानाचें नाक पाहावें, आणि नाक थरथरणें थांबेपर्यंत डेडझोन किंचित किंचित वाढवावा. थांबलें कीं एक कणभर अधिक, आणि तेथें सोडून द्यावा. पुष्कळ मुलें 'असूं द्या सुरक्षित' म्हणून तो भरपूर वाढवितात. मग दांडा बराच कलेपर्यंत कांहींच होत नाहीं, आणि झालें कीं एकदम हिसका बसतो.

सेन्सिटिव्हिटी हा शब्द ऐकून, ती जितकी अधिक तितकें चांगलें, असें वाटतें. तसें नाहीं. दोन यानें एकमेकांस जोडावयाचीं असतात तेव्हां अगदीं बारीक बोट लावावें लागतें. म्हणून जेथें वक्र रेषेची सोय असेल तेथें मध्याजवळ दांडा मंद आणि कडेस तीव्र अशी रेषा ठेवावी. कर्बलमध्यें कॅप्स लॉकची कळ दाबली म्हणजे सगळींच नियंत्रणें नाजूक होतात. ती कळ माहीत नसल्यामुळें दांड्यास शिव्या देणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत.

इन्व्हर्ट या खुणेविषयीं घरोघर वाद होतात. दांडा आपणाकडे ओढला कीं नाक वर, ही वैमानिकांची रीत. घोड्याचा लगाम ओढला कीं त्याचें तोंड वर येतें, तें आठवावें म्हणजे घोटाळा होत नाहीं. दांड्यास ही रीत ठेवावी असें माझें मत. माऊसला मात्र तीच लावण्याचा हट्ट धरूं नये, कारण माऊस वर सरकविला कीं पडद्यावरील बाण वर जातो ही सवय हातास आधीं लागलेली असते. एकाच घरांत दांडा लगामासारखा आणि माऊस बाणासारखा असण्यास कांहीं हरकत नाहीं. हात ते दोन निराळे धडे म्हणून शिकतात.

आतां माऊस. वर सांगितल्याप्रमाणें तो अंतर सांगतो, आणि यानास तर वळण्याचा वेग हवा असतो. ही अडचण खेळ एका युक्तीनें सोडवितात. पडद्याच्या मध्यावर एक अदृश्य खुंटी आहे असें समजतात, आणि बाण त्या खुंटीपासून जितका दूर तितक्या वेगानें यान वळतें. म्हणजे माऊसचा एक खोटा दांडा होतो. परंतु खऱ्या दांड्यास स्प्रिंग असते, या खोट्यास ती नाहीं. हात थांबला तरी बाण दूरच राहतो आणि यान गरगरत राहतें. येथेंच मुलें घाबरतात. एलीट डेंजरसमध्यें यावर 'रिलेटिव्ह माऊस' अशी एक खूण आहे. ती लावली म्हणजे हात थांबल्यावर बाण आपोआप मध्याकडे परततो, जणूं खोट्या दांड्यास खोटी स्प्रिंग बसली. किती लौकर परतावा हेंहि ठरवितां येतें. नवख्यास मी ही खूण लावूनच देतों. सराव झाला कीं कांहीं मुलें ती काढून टाकतात, कारण लांब वळण घेतांना माऊस पुन्हां पुन्हां उचलून ओढावा लागत नाहीं. विंडोजच्या माऊसच्या पानावर 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नांवाची एक खूण बहुधा आधींच लागलेली असते. तिच्यामुळें माऊस जोरानें हलविला तर तेवढ्याच अंतरांत बाण अधिक दूर जातो. पत्रें लिहिण्यास तें सोयीचें; खेळांत मात्र तेवढ्याच हालचालीचें फळ दर वेळीं निराळें मिळूं शकतें आणि हातास सवय लागत नाहीं. ती खूण काढावी.

दांडा आणि माऊस दोन्ही जोडलेले असले म्हणजे एक गोष्ट हटकून घडते : एकाच कामावर दोन मालक बसतात. खेळानें आपल्या मतानें दांड्यासहि यॉ दिलेलें असतें आणि माऊसलाहि. मग दांडा उजवीकडे ओढतो, माऊस डावीकडे, आणि यान मधल्यामध्यें लटपटतें. सहा गोष्टी कागदावर लिहाव्या, प्रत्येकीपुढें एकच मालक लिहावा, आणि बाकीच्या नेमणुका पुसून टाकाव्या. बदलहि एका वेळीं एकच करावा. पांच बदल एकदम केले आणि यान सुधारलें, तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं. बिघडलें तर मग विचारूंच नका.

हें सगळें चैनीचें वाटत असेल तर एक उदाहरण सांगतों. मजकडे येणाऱ्यांत वेल्ह्याकडील एक मुलगी आहे. लहानपणीं झाडावरून पडून तिच्या उजव्या हाताचें कोपराखालील हाड मोडलें आणि तें वांकडें सांधलें गेलें. मूठ वळते, बळ आहे, परंतु तळहात पुरता पालथा होत नाहीं. पालथ्या हातानें धरावयाचा माऊस तिला दहा मिनिटांत दुखवितो. जॉयस्टिक तिच्या हातीं बरी बसली, कारण उभी मूठ तिला सोयीचीच. परंतु त्या दांड्यास पिळण्याचाहि अक्ष होता. मूठ जागच्या जागीं पिळली कीं नाक डावीउजवीकडे वळे. मुद्दाम पिळावयास गेलें तर तिचा हात वळत नसे, आणि दांडा कलवितांना मात्र नकळत थोडा पीळ बसे. यान भलतीकडेच जाई. 'हें तुझ्याच्यानें व्हायचें नाहीं,' असा निकाल मुलांनीं देऊन टाकला, आणि ती मागें भिंतीशीं बसून दुसऱ्यांचा खेळ पाहूं लागली. ही मुलगी गणितांत त्या सर्वांहून पुढें आहे, हें मला ठाऊक होतें.

खेळ कर्बल होता. आम्हीं प्रथम पिळण्याच्या अक्षाची नेमणूक पुसली. मग दांड्याच्या डाव्याउजव्या कलण्यास रोल दिलेला होता, तो काढून तेथें यॉ दिला. विमानास रोल योग्य, कारण विमान वळतें तेंच कुशीवर कलून. अवकाशांत कुशीवर होण्याची गरज क्वचित पडते, नाक वळविण्याची पदोपदीं. रोल डाव्या हाताच्या क्यू आणि ई या कळांवर होताच, तो तेथेंच राहिला. सरकण्याच्या सहा कळा कळपाटाच्या उजव्या अर्ध्यांत असतात, आणि उजवा हात तर दांड्यांत गुंतलेला. म्हणून त्या दांड्याच्या बैठकीवरील बटणांवर आणल्या, जेथें डावें बोट पोंचतें. आजूबाजूस पाहण्यासाठीं माऊसऐवजीं बाणांच्या कळा. अपोलोची वांटणी पुन्हां जशीच्या तशी आली : उजवा हात वळविणारा, डावा सरकविणारा. शेवटीं बैठक पाटावर ठेवून खालीं रबर लावलें, कारण दांडा सरकला कीं हात आवळतो. चवथ्या रविवारीं तिनें कक्षेंत फिरणारीं दोन यानें एकमेकांस जोडलीं, तोंवर मुलांपैकीं एकासहि तें साधलेलें नव्हतें. आतां संगणकावर तिचीच मांडणी असते, आणि मुलें कुरकुर करीत तीच वापरतात. ज्यांचा उजवा हात मुळींच दांडा धरूं शकत नाहीं, किंवा जीं मुलें डावखोरीं आहेत, त्यांच्यासाठीं दोन्ही हातांस बसणारे दांडे मिळतात. थ्रस्टमास्टरचा टी सोळा हजार एम या नांवाचा त्यांपैकीं एक, आणि त्यांत हॉलच्या तत्त्वावरचाच सेन्सर आहे. डाव्या हातीं उजव्याचा दांडा कोंबूं नये.

उत्तम मांडणीनेंहि एक गोष्ट मिळत नाहीं, ती म्हणजे अंतराचा अंदाज. २५ जून १९९७ रोजीं रशियाच्या 'मीर' स्थानकावरून व्हासिली त्सिब्लियेव हे 'प्रोग्रेस' नांवाचें मालवाहू यान दुरून चालवून स्थानकाशीं जोडण्याचा प्रयोग करीत होते. समोर दूरदर्शनचें चित्र आणि हातीं दोन दांडे, घरांत मुलें बसतात तसेंच. यान अपेक्षेहून वेगानें आलें, तें वेळींच आवरलें गेलें नाहीं, आणि 'स्पेक्टर' या दालनावर आदळलें. दालनास भोंक पडून हवा निघून जाऊं लागली. आंतील तिघांनीं तारा तोडून दार बंद केलें, म्हणून स्थानक वांचलें. त्सिब्लियेव हे मुरलेले वैमानिक होते. चित्र पाहून अंतर आणि वेग ओळखणें त्यांनाहि कठिण गेलें, तर घरच्या मुलास तें डोळ्यांनीं साधावें अशी अपेक्षा कशी करावी? म्हणून जोडणीच्या वेळीं डोळे चित्रापेक्षां वेगाच्या आंकड्यावर अधिक ठेवावे, आणि अंतर निम्में झालें कीं वेगहि निम्मा करावा.

मांडणी जमली कीं नाहीं हें पाहण्यास एक फुकटची परीक्षा आहे. ड्रॅगन यान बनविणाऱ्या स्पेसएक्स कंपनीनें २०२० सालीं स्थानकाशीं यान जोडण्याचा एक सराव-खेळ सर्वांस खुला केला; तो नुसत्या माऊसनें किंवा कळांनीं चालतो. तेथें सरकण्याच्या खुणा डावीकडे आणि वळण्याच्या उजवीकडे आहेत. पडद्यावरील हिरवे आंकडे सगळे ०.२ च्या आंत आणून मगच पुढें सरकावयाचें. घाई केली कीं जोडणी फसते. मी मुलांस प्रथम येथें बसवितों, म्हणजे वळणें आणि सरकणें यांतील भेद दांडा हातीं घेण्याच्या आधींच बोटांत उतरतो.

शेवटीं एक खबरदारी. जॉयस्टिक संगणकाच्या दुसऱ्या छिद्रांत लावली, किंवा विंडोजची मोठी दुरुस्ती झाली, तर कधीं कधीं खेळ तिला नवी पाहुणी समजतो आणि केलेली मांडणी पुसली जाते. म्हणून छिद्रास खूण करून ठेवावी. कर्बलची मांडणी त्याच्याच कप्प्यांत सेटिंग्ज डॉट सीएफजी या नांवाच्या फाईलींत असते. तिची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी, आणि डेडझोनचे व सेन्सिटिव्हिटीचे आंकडे वहींतहि, तारीख घालून, उतरून ठेवावे.